मावशीची चाल

घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दाराला सकाळी पलंगावरून उठायला सध्या पाच मिनिटं लागत होती. ती पाच मिनिटं बायकोच्या नजरेस पडू नयेत म्हणून तो रोज तिच्या आधी अर्धा तास उठायचा. आधी कुशीवर वळायचं, मग पाय खाली सोडायचे, मग कपाटाची मूठ धरून दातओठ खात उभं राहायचं, असा क्रम ठरलेला होता. त्या दिवशी मात्र तो मूठ धरून अर्धवट वाकलेला असतानाच बायकोला जाग आली.

"काय चाललंय?"

"व्यायाम," तो म्हणाला.

एवढ्या वर्षांच्या संसारात या माणसाने व्यायाम केल्याचं तिला आठवत नव्हतं. ती उशीला टेकून बघत बसली. मग मोतद्दाराला आणखी दोनदा हात वर-खाली करावे लागले आणि डोळ्यांत आलेलं पाणी जांभईत लपवावं लागलं. सगळ्यात वाईट म्हणजे, कंबरेला बांधायचा पट्टा गादीखाली होता आणि गादीवर बायको होती. पट्टा तिथेच सोडून त्याला कामावर निघावं लागलं.

खरं तर हे सगळं टाचेपासून सुरू झालं होतं. दोन वर्षांपूर्वी त्याची उजवी टाच दुखायला लागली. टाच सांभाळायची म्हणून तो डाव्या पायावर भार टाकून चालू लागला, आणि टाचेची सवय होते न होते तोच कंबर धरली. घरात याचा पत्ता लागू द्यायची सोय नव्हती. पाठीने कुरकुर केली की तबेल्याचं काम बंद, असं बायकोने मागेच बजावलं होतं, आणि ती नुसती बोलणाऱ्यातली नव्हती.

पण आज त्याला स्वतःच्या पाठीपेक्षा मावशीच्या पाठीची काळजी होती.

मावशी ही घोडेस्वारीच्या शाळेतली सगळ्यात थोरली घोडी. लहान मुलं आयुष्यात पहिल्यांदा घोड्यावर बसायची ती तिच्याच पाठीवर, म्हणून तिचं मूळ नाव मागे पडून ती सगळ्यांची मावशी झाली होती. तिला तीन वर्षांपासून खुरांचा आजार होता. पुढच्या दोन्ही खुरांना आतून सूज येऊन गेली होती. नालबंदाने खूर तासून, वेगळ्या घडणीचे नाल ठोकून तिला चालती ठेवली होती. मोतद्दाराने तर या तीन वर्षांत तिची दोरी दुसऱ्या कोणाच्या हाती दिली नव्हती. हल्ली मात्र ती आखडून चालते, हे शाळा चालवणाऱ्या बाईंच्या लक्षात आलं होतं. आज नवी डॉक्टर तिची पाठ तपासायला येणार होती. पाठ गेली असेल तर मावशीला लांबच्या एका कुरणावर कायमचं पाठवायचं, असं बाईंनी ठरवलं होतं. कुरण चांगलं होतं, सावली होती, पाणी होतं. मोतद्दार ते एकदा बघून आला होता आणि त्यात काहीच खोट सापडली नाही म्हणून दोन दिवस जेवला नव्हता.

तबेल्यात पोचल्यावर त्याने मावशीला खरारा केला, तिची आयाळ विंचरली आणि मग दाराआड उभं राहून स्वतःच्या कंबरेला मलम चोळलं. मलम एकदम जालीम होतं, लावल्याबरोबर कंबर तापायची. हाताला बरंचसं उरलं होतं. ते वाया कशाला घालवायचं, आणि तपासणीआधी हिचीही पाठ जरा मोकळी झालेली बरी, असा विचार करून त्याने तो हात मावशीच्या पाठीवर पुसला. मग अर्धी डबी आणखी चोळली. मावशीने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, पण तिने आजवर त्याच्या कुठल्याच कामात खोड काढली नव्हती.

डॉक्टर वयाने लहान होती, पण कामाला पक्की. खूर पाहत पाहतच तिने बाईंना सगळं समजावून सांगितलं. पुढचे खूर दुखतात म्हणून घोडा भार मागे टाकतो. महिनोन्‌महिने तसं उभं राहून त्याची पाठ आखडते. सगळे मात्र खुरांकडे बघत बसतात आणि पाठ राहूनच जाते.

"आणि घोडा ते दाखवत नाही," ती म्हणाली. "दुखणारा सांगत नसतो कधी. त्याला विचारायचं नाही. त्याची चाल बघायची."

मोतद्दाराने ताठ उभं राहायचा प्रयत्न केला.

डॉक्टरकडे अंगातली उष्णता दाखवणारा कॅमेरा होता. सूज असेल तिथे लाल दिसतं, असं सांगून तिने तो मावशीच्या पाठीवर धरला. मानेपासून शेपटीपर्यंत मावशीची पाठ लालभडक दिसत होती. एवढी सूज असलेला घोडा उभा तरी कसा राहतो, ते तिला कळेना. तिने कॅमेरा बंद करून पुन्हा लावला. मग भिंतीवर धरून पाहिला. भिंत निरोगी होती. तेवढ्यात तिचं लक्ष मावशीच्या कंबरेवर गेलं. तिथे लाल रंगात पाच बोटं स्वच्छ उमटली होती.

डॉक्टरने पुढे होऊन वास घेतला. "हिला मलम कोणी लावलं?"

मोतद्दार चांगलाच अडचणीत आला. मलम कुठून आलं ते सांगायचं तर ते तबेल्यात कशाला ठेवलं होतं तेही सांगावं लागणार, आणि बाईंच्या कानावर गेलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत बायकोच्या कानावर जाणार, याची त्याला खात्री होती.

"माश्या बसतात," तो म्हणाला.

"माश्यांना कंबरदुखीचं मलम?"

"त्यांना वास आवडत नाही."

मग मावशीची पाठ साबणाने धुवावी लागली. धुतल्यावर तासभर वाळू द्यावी लागली. त्या तासाभरात पाण्याच्या बादल्या वाहून मोतद्दाराच्या उरल्यासुरल्या कंबरेचे बारा वाजले. पट्टा असता तर निभावलं असतं, पण पट्ट्यावर बायको झोपली होती.

त्यानंतर डॉक्टरने बोटांनी मावशीची पाठ इंच इंच दाबून पाहिली. खोगिराच्या जागेमागे एका ठिकाणी मावशीची कातडी थरथरली, बाकी तिने तक्रार केली नाही. डॉक्टर म्हणाली, यावरून काही ठरत नाही, चाल बघूया. तिने मोतद्दाराला रिंगणात घोडीला सरळ चालवायला सांगितलं. मोतद्दाराने दोरी धरली. तो टाच सांभाळत, कंबर आवळून, आखूड आखूड पावलं टाकत निघाला. त्याच्यामागे मावशीही आखूड आखूड पावलं टाकत निघाली. डावीकडे वळायला सांगितलं तेव्हा तो आधी थांबला, मग अख्खा एका तुकड्यात वळला. मावशीही थांबली आणि तशीच वळली.

डॉक्टरच्या चेहऱ्यावरूनच निकाल कळत होता. पाऊल आखूड आहे, पाठ वाकत नाही, डावीकडे वळताना त्रास आहे, असं ती एकेक लिहीत गेली. बाईंचेही डोळे भरून आले होते. त्या म्हणाल्या, कुरणवाल्यांना फोन करून ठेवते.

"अजून एकदा बघा की," मोतद्दार म्हणाला. "ती जरा लाजली आज. नवी माणसं आहेत ना."

बाईंनी डॉक्टरकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाली, बघूया, पण या वेळी थोडं पळवा.

मोतद्दाराने मनाचा हिय्या केला. सोळा वर्षं ज्या घोडीला त्याने हाताने चारलं होतं, तिच्यासाठी दहा पावलं पळायला त्याची ना नव्हती. पहिली तीन पावलं तो खरोखर पळाला. चौथ्या पावलाला कंबरेत अशी काही कळ आली की तो रिंगणाच्या मधोमध काटकोनात वाकला तो तसाच राहिला. मावशी जागच्या जागी थांबली. तिनेही मान खाली घातली आणि दोघं मिळून जमीन बघू लागले.

"काय हरवलं का?" बाईंनी लांबून विचारलं.

मोतद्दार वाकल्या वाकल्या "नाल" असं काहीतरी पुटपुटला. मावशीचे चारही नाल जागेवर होते.

नेमक्या याच वेळी फाटकातून बायको आत आली. तिच्या एका हातात जेवणाचा डबा होता आणि दुसऱ्या हातात, सगळ्या जगाला दिसेल असा, कंबरेचा पट्टा. गादी झटकताना सापडलेली ती वस्तू घेऊन ती तरातरा आली होती आणि येतानाच काय काय बोलायचं ते तिने ठरवलं होतं. पण रिंगणात काटकोनात उभा असलेला नवरा दिसला आणि तिचं सगळं बोलणं विरून गेलं.

"हा व्यायाम का?" एवढंच ती म्हणाली.

डॉक्टर धावत आली. तिने मोतद्दाराला काखेत धरलं आणि कोणीतरी घोडीला धरा म्हणून सांगितलं. सगळ्यात जवळ बायको उभी होती. तिने जन्मात घोड्याला हात लावला नव्हता आणि पुढेही लावायचा तिचा विचार नव्हता, पण काही कळायच्या आत दोरी तिच्या हातात आली. मावशीने आधी तिला हुंगलं, मग डब्याला हुंगलं. बायको एक पाऊल मागे सरली. मावशी एक पाऊल पुढे आली. त्यासरशी बायकोने पाठ फिरवली आणि झपाझप चालू लागली.

घाबरलेल्या माणसाला दोरी सोडून द्यायचं सुचत नाही. बायको दोरी घट्ट धरून मावशीपासून पळत होती आणि त्याच दोरीला बांधलेली मावशी डब्याच्या वासाने तिच्यामागे निघाली होती. बायको वळली की मावशी वळायची. बायकोने वेग वाढवला की मावशी लांब टांग टाकायची. डावीकडून एक फेरी झाली, उजवीकडून एक झाली. मावशीची पाठ पाळण्यासारखी मोकळी हलत होती.

"अहो, हिला थांबवा कोणीतरी," बायको ओरडली.

"थांबवू नका," डॉक्टर त्याहून मोठ्याने ओरडली. तिने मोतद्दाराला सोडलं, खिशातून फोन काढला आणि घोडीचा व्हिडिओ घ्यायला धावली. आधार गेल्यावर मोतद्दार हळूहळू मातीवर बसला. तिथून त्याने मावशीला तीन वर्षांत पहिल्यांदाच लांबून पाहिलं. इतके दिवस तिचं डोकं त्याच्या खांद्याशी असायचं, चाल त्याच्या पाठीमागे राहायची. आता ती त्याला दिसली आणि त्याला रडू आलं. ते कंबरेमुळे आहे असं त्याने बाईंना सांगितलं.

डॉक्टरने आधीचा कागद फाडला. मावशीची पाठ जरा आखडली होती, पण ती गेली नव्हती. दोन वर्षं ती दुखऱ्या माणसाच्या पावलाशी पाऊल जुळवून चालत होती आणि तीच तिची सवय झाली होती. पाठ गेली होती ती मोतद्दाराची. डॉक्टर म्हणाली, दोघांचा आजार एकच आहे, पाय सांभाळायला जाऊन पाठ घालवलीत. तिने मावशीला नवे नाल, मऊ जमिनीवर दिवसातून दोनदा वीस मिनिटं चालणं आणि मुलांसाठी हलकं काम सांगितलं. मोतद्दाराला तिने माणसांच्या डॉक्टरकडे धाडलं. त्याने मऊ बूट आणि मऊ जमिनीवर दिवसातून दोनदा वीस मिनिटं चालणं सांगितलं. कुरणवाल्यांना फोन गेला नाही.

अडचण एकच राहिली. महिनाभर मोतद्दाराने दोरी धरायची नाही, असा घोड्यांच्या डॉक्टरचा हुकूम होता, आणि मावशी डब्याखेरीज कोणामागे त्या ऐटीत चालेना. शेवटी बायकोच रोज दोनदा येऊ लागली. पुढे दोरी धरून बायको, तिच्यामागे मावशी आणि मावशीच्या मागे नवे बूट घातलेला मोतद्दार, अशी मिरवणूक रिंगणात फिरू लागली. काम सोडायचा विषय तिने दोनदा काढला, पण आठवडाभरात ती मावशीसाठी घरून गाजरं चिरून आणू लागली आणि तो विषय तिथेच राहिला.

महिना संपत आला. मोतद्दार कपाटाची मूठ न धरता उठू लागला. दुसऱ्या दिवशी डॉक्टर पुन्हा तपासायला येणार होती, म्हणून तो त्या संध्याकाळी मावशीच्या मागून जरा बारकाईने बघत चालला होता. मावशीचं पाऊल आखूड पडत होतं. उजवीकडे वळताना ती आधी थांबली, मग अख्खी वळली. त्याने तिला थांबवून खूर बघितले, ते थंड होते. पाठ दाबून पाहिली, तिने कान हलवला नाही. त्याने पुन्हा चालवायला सांगितलं. पुन्हा तेच.

मग मावशीला सोडून त्याची नजर पुढे गेली. चपलांमधल्या दोन पावलांकडे तो फेरीभर बघत राहिला. डावी टाच जमिनीला टेकत नव्हती.

"ए, थांब जरा," तो म्हणाला. "कधीपासून दुखतंय?"

बायको थांबली. मावशीही थांबली.

"काय दुखतंय? कुठे काय?" बायको मागे न बघता म्हणाली. "सकाळी जरा व्यायाम केला, त्याने अंग धरलंय."

मोतद्दाराने पुढे जाऊन तिच्या हातातली दोरी काढून घेतली आणि तिला रिंगणाच्या कठड्यावर बसवलं. मग नवे बूट वाजवत तो तिच्या पायाशी खाली बसला, आणि नालबंद उचलतो तसा तिचा डावा पाय उचलून त्याने स्वतःच्या गुडघ्यावर घेतला.