सहा शांता उंचीचा दरवाजा

हवामहाल पावणेदहा शांता उंच आहे. ही माहिती कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही, आणि गाइडला विचाराल तर तो फुटांत काहीतरी ठोकून देईल. पण माझी माहिती खात्रीची आहे. आमच्या शेजारच्या तायडेकाकांनी स्वतः मोजलंय. शांता म्हणजे त्यांची बायको.

जगतपुऱ्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये मराठी घरं दोनच. एक आमचं, नवऱ्याच्या बँकेने साताऱ्याहून उचलून इथे आणून ठेवलेलं. दुसरं समोरच्या तायड्यांचं. काका अकोल्याकडचे. उभी हयात रेल्वेत रूळ तपासण्यात गेली, शेवटची बदली इथली. रुळाला तडा सापडला की त्याचा फोटो काढायचा आणि फोटोत तड्याशेजारी पट्टी ठेवायची, असा त्यांच्या खात्याचा रिवाज. नोकरीच्या पहिल्याच वर्षी काका पट्टी ठेवायला विसरले. साहेबांनी फोटो परत पाठवला, पाठीमागे लिहून: "हा तडा आहे की नाला?" तेव्हापासून काकांनी एक वाक्य धरलं ते धरलंच. "माप नाई त फोटो नाई!"

आता रुळाशेजारी पट्टी ठेवता येते, किल्ल्याशेजारी काय ठेवणार? काकांनी लग्नानंतर शांताकाकूंना ठेवलं. पाच फूट एक इंच, कायम बरोबर असणारं आणि प्रवासात वेगळं ओझं न होणारं माप. काकू भिंतीला टेकून उभ्या राहायच्या, काका लांबून अख्खी इमारत फोटोत घ्यायचे आणि घरी आल्यावर फोटोवर पट्टी ठेवून मोजायचे, की एवढ्या उंचीत किती काकू मावतात. मग ते लाल बांधणीच्या मापवहीत लिहायचं. खाली सही. शेजारी साक्षीदाराची सही.

काकूंना उभं राहायचे नियम होते. चप्पल काढायची, नाहीतर टाच धरली जाते. डोक्यावर पदर नको, अर्धा इंच वाढतो. अंबाडा मानेवर, टाळूवर नाही. या सगळ्यावर कडी म्हणजे ओळंबा. गवंडी भिंत सरळ आहे का ते बघायला दोरीला वजन बांधून सोडतात ना, तोच. काका तो काकूंच्या कानाजवळ धरायचे आणि म्हणायचे, "जराशी मांगं. आनखी जराशी. हां, आता बराबर!" मे महिन्यात फरशी तव्यासारखी तापलेली असायची आणि काकू अनवाणी. आमच्याकडे असा नवरा असता तर मी तो ओळंबा त्याच्याच गळ्यात बांधला असता.

त्यांचा आल्बम मी पाहिलाय. किल्ले, मनोरे, समाध्या, धरणं, आणि प्रत्येकाच्या पायथ्याशी मुंगीएवढ्या काकू. मी एकदा चिडून म्हटलं, "काकू, अहो एकाही फोटोत तुमचं नाक दिसत नाही!" काकू शांतपणे शेंगा सोलत म्हणाल्या, "त्यायले नाकाचं माप थोडीच पायजे हाये?"

गेल्या हिवाळ्यात ठरलं की तायडे कुटुंब अकोल्याला परत जाणार. लेक तिकडे आहे, तिने खोली रंगवूनसुद्धा ठेवली. खोकी बांधायला सुरुवात झाली, आणि त्याच दिवशी काका वही घेऊन आमच्या दारात उभे.

"ताई, जायच्या आंदी फेरतपासनी कराची हाये."

"कशाची?"

"लग्न झाल्यावर रेल्वेच्या पासवर आलो होतो इकडे. तवा तीन जागचे फोटो काढले होते. चाकसू, आभानेरी, आमेर. थे तीनही पुन्हा मोजाचे. दर पाच वर्षानं फेरतपासनी पायजे होती, मी पस्तीस वर्षं केली नाई. हे काई बरं नाई."

गाडी माझी, चालवणारीही मीच. नवरा रविवारी झोपतो. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण काका तोवर टोल नाके कुठे कुठे आहेत ते सांगायला लागले होते. या माणसाला नाही म्हणणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

पहिल्या रविवारी चाकसूला गेलो. शीतलामातेची टेकडी, वर दगडी छत्री. काका देवाधर्माचे नाहीत, पण कुठल्याही दारात चपला काढून हात जोडणारे. एका गावकऱ्याने विचारलं, "बाबूजी, क्या मन्नत है?" काका म्हणाले, "मन्नत नहीं है भैया, मोजमाप है." काकू पायऱ्या चढताना तीनदा बसल्या. तिसऱ्यांदा मी म्हटलं, इथूनच परत जाऊ. काका काकूंचा हात धरून तेही पायरीवर बसले, आणि त्या उठल्या तेव्हाच उठले. पण फोटो काढल्याशिवाय खाली आले नाहीत.

दुसऱ्या रविवारी आभानेरी. तिथल्या बावडीत, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीत, खाली उतरू देत नाहीत, म्हणून काकांनी रखवालदाराला रेल्वेचं जुनं ओळखपत्र दाखवलं. त्याने ते आदराने पाहिलं आणि आदराने परत केलं. मग काकांनी वरच्या ओवरीतला खांब मोजला.

दोन्ही वेळा एक गोष्ट मला खटकली. एरवी साक्षीदार म्हणून सही करायला काका माझा पिच्छा पुरवायचे. या वेळी लिहिताना त्यांनी डाव्या हाताने पान झाकून घेतलं आणि वही पिशवीत टाकली.

आमेरच्या आदल्या दिवशी दुपारी काकू वाटीभर ठेचा घेऊन आल्या. ठेचा ओट्यावर ठेवून म्हणाल्या, "उद्या मी येत नाई. तुमीच सांगा त्यायले, गाडी बिघडली म्हनून."

मी विचारलं, काय झालं? काकूंनी कमरेला खोचलेला एक कागद काढला. दवाखान्यातली चिठ्ठी होती. मध्यंतरी पाठीचं दुखणं झालं तेव्हा तिथे त्यांची उंची मोजली होती. चार फूट अकरा इंच. हाडं ठिसूळ झालीत, मणके खचलेत, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. सहा महिने ती चिठ्ठी त्यांनी डाळीच्या डब्यात लपवली होती.

"बाकीच्या जागी भागून जाते हो," त्या म्हणाल्या. "पन आमेरले दरवाजाच्या दगडावर फूल कोरलेलं हाये. जुन्या फोटोत माहं डोकं बराबर त्या फुलाले लागते. उद्या लागनार नाई. त्यायनं जिंदगीत एक माप खोटं लिवलं नाई ताई. मीच कमी भरली त पुरी वही खोटी पडन त्यायची."

पस्तीस वर्षं उन्हात अनवाणी उभी राहिलेली बाई, आणि तिला काळजी कशाची, तर वहीची! मला काकांचा असा राग आला की ती वही चुलीत घालावी. मी सांगितलं, गाडी बिघडली म्हणून समजा.

पण रविवारी सकाळी मी दार उघडलं तर काका जिन्यात कॅमेऱ्याचं तिकाटणं खांद्यावर घेऊन तयार. मी म्हटलं, "काका, गाडी जरा..."

"शांता बोलली मले, गाडी बिघडली म्हनून. मेकॅनिक आनलाय, खाली उभा हाये." त्यांना काही सांगायची सोय नव्हती. गाडीला काहीच झालं नाही हे मेकॅनिकने दोन मिनिटांत सांगितलं आणि माझ्याकडे संशयाने बघत निघून गेला. काकू मुकाट्याने खाली आल्या. इस्त्रीची साडी, हनुवटी वर, पाठ ताठ. तेवढं ताठ चालताना किती दुखत असेल ते त्यांच्या ओठांवरून कळत होतं.

आमेरला गाडी मागच्या बाजूला लावली आणि मोठा चौक ओलांडून सूरजपोल दरवाजाकडे गेलो. पर्यटकांना पाठीवर घेऊन हत्ती आत येत होते. एक गाइड पुढे आला. काका त्याला म्हणाले, "हमको मालूम है. छह शांता." तो बिचारा मागच्या मागे गेला.

काकूंनी चप्पल काढली, पदर सारखा केला आणि दगडाला टेकल्या. मी जुना फोटो हातात धरून उभी होते. फोटोत लग्नानंतरची शांता, भांग थेट फुलाच्या पाकळीला भिडलेला. आणि समोर काकू. फूल वर, काकू खाली, मध्ये दोन बोटं मोकळा दगड.

काकांनी पिशवीतून ओळंबा काढला. काकूंजवळ गेले. त्यांच्याकडे पाहिलं, फुलाकडे पाहिलं, आणि ओळंब्याची दोरी गुंडाळून परत खिशात टाकली. "आज राहू दे. तू पाठ ढिली सोड. आरामात उभी राय," म्हणाले. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा.

फोटो काढला. काकूंना राहवेना. जागेवरूनच त्यांनी विचारलं, "कमी भरली ना मी?"

"कोन म्हनते? तू बराबर हायेस. दरवाजा वाढला."

"दगड कसा वाढन हो?"

"मी रुळाचा मानूस. दगडाचं मले काय मालूम? वाढत असन पान्यापावसानं." असं म्हणून काकांनी चप्पल उचलून त्यांच्या पायांपुढे ठेवली.

मग चौकातल्या ओट्यावर बसून त्यांनी वहीत लिहिलं, आणि या वेळी पान न झाकता वही माझ्या हातात दिली. "ताई, साक्षीदार म्हनून सह्या करा. तीनही जागी."

मी वाचलं. आमेर: सूरजपोल, फूल दोन इंच वर गेले. त्याच्या वरची नोंद, आभानेरी: खांब वाढला. त्याही वरची, चाकसू: छत्री वाढली. प्रत्येक नोंदीपुढे, 'शांता पाच फूट एक इंच, कायम.' रुळातला केसाएवढा तडा चालत्या ट्रॉलीवरून पाहणारा माणूस. डाळीचा डबा त्याच्यापासून काय लपवणार होता! माझे डोळे भरले आणि अक्षरं दिसेनाशी झाली.

मी बँकेत काम करणाऱ्याची बायको आहे. खोट्या कागदावर सही करू नये, एवढं मला कळतं. मी पेन मागून घेतलं आणि तिन्ही ठिकाणी पूर्ण नावाने सही केली.