अप्पांची सिरियस भिंत

बसवणप्पा मुकादम भिंतीला हात घालण्याआधी तिची नाडी बघायचे. भिंतीला मनगट नसल्यामुळे कान लावायचे, बोटानं टकटक करायचे आणि गंभीर चेहऱ्यानं निदान सांगायचे, "हिला आतून ओल हाय. हिचं काय खरं न्हाई." त्या दुष्काळात लातूरभर शोधून न सापडणारी ओल अप्पांना आमच्या दवाखान्याच्या भिंतीत सापडायची.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं, म्हणून दवाखाना मोठा करायचं ठरलं. पण पेशंटना कुठे पाठवणार? तेव्हा एका अंगाला सलाईन आणि दुसऱ्या अंगाला सिमेंट, असा संसार सुरू झाला. मी बायकांच्या वॉर्डाची सिस्टर. धुळीवरून माझं आणि अप्पांचं रोज वाजायचं.

पण हा माणूस धड रागावूही देत नसे. हातोडा घालण्याआधी वॉर्डात डोकावून विचारायचा, "मायहो, हाणू का?" बायका एका सुरात ओरडायच्या, "हाणा!" कण्हणाऱ्याही तेवढ्यापुरत्या बऱ्या व्हायच्या. टँकरचं पाणी पेशंटनाच पुरेना, तर अप्पांनी नव्या गिलाव्यावर मारायला आंघोळीचं सांडपाणी पिंपात साठवलं. मी नाक मुरडलं की म्हणायचे, "भिंतीला सलाईन चालू हाय सिस्टर, मधी बोलू नका."

दोन वॉर्डांमधली भिंत पाडायची वेळ आली आणि गाडं अडलं. भिंतीलगत, खिडकीजवळच्या खाटेवर मुखेडकडची पारूबाई होती. मुलगा तिला इथे ठेवून ऊसतोडीला गेलेला. ती खाट सोडायला तयार होईना. "लेक हीच खाट बघून गेलाय. मी हितं नसले तर त्याला कशी घावू?"

मी समजावलं, डॉक्टर ओरडले. इंजिनियरसाहेबांनी तर फर्मावलं, "उद्या भिंत पडलीच पाहिजे!"

अप्पांनी भिंतीला कान लावला. बराच वेळ तसेच उभे राहिले. मग मान हलवून म्हणाले, "साहेब, ही लई सिरियस हाय. आत्ता छेडली तर छत घेऊन बसंल."

साहेब चटकन दोन पावलं मागे सरकले. दुसऱ्या दिवशीही भिंत सिरियस. पुढचा आठवडाभर सिरियस.

मग एका दुपारी डोक्याला पंचा गुंडाळलेला एक रापलेला माणूस आला आणि धुळीतून तडक खिडकीजवळच्या खाटेशी गेला. पारूबाईनं त्याच्या गालांवरून हात फिरवला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आता कुठंबी न्या मला."

खाट हलवली. भिंत त्याच दिवशी निमूट पडली. छताचा पोपडासुद्धा उडाला नाही.

"अप्पा, साहेबांना चांगलंच बनवलंत की!" मला हसू आवरत नव्हतं.

अप्पा हसले नाहीत. विटांच्या ढिगावर टेकले.

"माझी माय बी अशीच दवाखान्यात व्हती, सिस्टर. मी भेटाया गेलो, तर तिच्या खाटेवर दुसरीच बाई. मला वाटलं, माय गेली. कुणाला इचारलं बी न्हाई. रडत गावाकडं पळालो, मातीला खड्डा खांदून घेतला, दुसऱ्या दिशी भावकीला घेऊन मायला न्याया गेलो. तवा कळलं, तिला शेजारच्या वार्डात हलवली व्हती. काल सांजेला गेली म्हनले. तवर दाराकडं बघून राहिली व्हती."