सहा कोबी आणि एक मच्छरदाणी

"रोज सकाळी पान न् पान उलटं करून बघायचं. मागं पिवळी अंडी दिसली की बोटानं चिरडायची. बाकी काही शहाणपण करायचं नाही," गुडघ्याच्या ऑपरेशनला निघालेल्या बायकोनं रिक्षात बसता बसता बजावलं. शिंपीकाकांनी मान डोलावली. चाळीस वर्षं ते अशीच, न ऐकता डोलावत आले होते.

परसात सात कोबी होते. दुखऱ्या गुडघ्यानिशी वाकून वाकून तिनं ते वाढवले होते. ती परतेल तेव्हा अख्खा गड्डा तिच्या हातात द्यायचा, असं काकांनी ठरवलं. पहिल्याच सकाळी दोन कोबी वरवर बघून झाले आणि कंबर धरली. ही रोज सातही बघायची आणि आपण मशीनवर बसून चहा मागायचो, हे आठवून त्यांना फार वाईट वाटलं. वाईट वाटलं की काकांना शिवायलाच सुचायचं.

घरात जाळीचं कापड एकच होतं, पलंगावरची मच्छरदाणी. काकांनी टेपनं कोबींची मापं घेतली, वाढीसाठी चार बोटं सैल ठेवली आणि दुहेरी शिवण घालून सहा झबली शिवली. सातव्याला कापड उरलं नाही. तो तसाही वाकडा होता.

शेजारचे निवृत्त पोस्टमन कुंपणावरून बघत होते. "अहो, चिमण्या येतात अळ्या टिपायला. आता त्या कुठून येणार?"

"अळ्याच नाहीत म्हटल्यावर चिमण्या हव्यात कशाला? माझी शिवण आहे ही. मुंगी शिरून दाखवू दे!"

त्या भरवशावर काकांनी पुन्हा झबल्यांत डोकावलंही नाही. खरोखरच काही शिरलं नाही. अंडी आधीपासून आतच होती.

बाराव्या दिवशी बायको काठी टेकत आली, परसात खुर्चीवर बसली आणि तिनं कात्री मागितली. पहिल्या झबल्यात पानांच्या नुसत्या शिरा होत्या आणि गुबगुबीत अळ्या. सहाही झबल्यांत तेच. काका मान खाली घालून उभे राहिले. आपल्या हातून तिची सगळी मेहनत मातीत गेली, हे त्यांना सोसवेना.

सातवा, वाकडा कोबी मात्र अख्खा होता. त्यावर चिमणी बसली होती.

"याला नाही शिवलंत?"

"कापड पुरलं नाही."

काकांनी तो कापून तिच्या हातात ठेवला. तेव्हा तिला त्यांचे हात दिसले. मनगटापासून कोपरापर्यंत लाल गांधी उठल्या होत्या.

"हे काय?"

"डास."

तिनं कापून मांडीवर ठेवलेल्या झबल्यांकडे पाहिलं आणि जाळी ओळखली.

"म्हणजे बारा दिवस अळ्या मच्छरदाणीत आणि तुम्ही बाहेर?"

"तुला परत वाकायला लागू नये म्हणून..."

मग तिनं त्यांची बाही वर सारली. "मलम आणा आतून. आणि उद्यापासून मी इथं बसून सांगणार, वाकायचं तुम्ही."

काकांनी मान डोलावली. या खेपेला त्यांनी ऐकलंही होतं.