सरळपणाची थकबाकी

वरच्या मजल्यावर धाडकन काहीतरी पडलं आणि छताचा एक पोपडा निरीक्षकांच्या चहात आला.

"बारा किलो," निरीक्षक म्हणाले आणि चमच्याने पोपडा काढून बशीत ठेवला.

"काल पंधराचं पडलं होतं," बायको म्हणाली. "म्हणजे सुधारणा आहे म्हणायची."

निरीक्षक वजनमापे खात्यातून निवृत्त झाले होते. एकतीस वर्षं त्यांनी दुकानादुकानांतून काटे तपासले, पोकळ वजनं जप्त केली, आणि माणूस संधी मिळाली की मापात मारतोच, याबद्दल त्यांची पक्की खात्री झाली. नोकरी संपली तरी कान शाबूत होता. छतावर काय पडलं ते नुसत्या आवाजावरून ते अर्ध्या किलोच्या आत सांगत. या विद्येचा आता एवढाच उपयोग उरला होता, कारण वरचा भाडेकरू व्यायामशाळेत शिकवायचा आणि तिथे उरलेला व्यायाम घरी येऊन करायचा. सगळी गल्ली त्याला पैलवान म्हणत असे.

पैलवानाशी केलेल्या करारात बावीस कलमं होती आणि ती निरीक्षकांनी स्वतःच्या हाताने लिहिली होती. भाडं पाच तारखेच्या आत द्यावं, भिंतीला खिळे ठोकू नयेत, पाच किलोंहून जड वस्तू जमिनीवर आपटू नये, जिन्यात सायकल लावू नये, वगैरे. पैलवानाने पानापानावर झोकात सही केली आणि वर्षभरात वीस कलमं मोडली. राहिलेल्या दोनांपैकी एक जनावर पाळण्याबद्दलचं होतं. दुसरं मुदत संपल्यावर घर सोडण्याबद्दलचं होतं. ते मोडायची वेळ अजून आली नव्हती.

निरीक्षकांची झोप उडाली होती ती या शेवटच्या कलमाने. त्यांची एकुलती एक मुलगी नऊ वर्षं दूरच्या शहरात होती. जावई बोटीवर, वर्षातले आठ महिने पाण्यात. नात सहा वर्षांची झाली होती आणि आजोबांना तिचा चेहरा फोनच्या काचेतूनच माहीत होता. आता मुलीला घरून काम करायची परवानगी मिळाली होती. ती म्हणाली होती, "बाबा, वरचा मजला एक तारखेला रिकामा असेल तर आम्ही दोघी येतो. नसेल तर मग हिची शाळा इथंच पुढे चालू ठेवते." पैलवानाची मुदत त्याच्या आदल्या दिवशी संपत होती. हातात तीन महिने होते. ज्या माणसाने वीस कलमं मोडली तो एकविसावं पाळेल, असं समजायला निरीक्षक काही काल जन्मलेले नव्हते.

"कोर्टात खेचा," बायको म्हणाली.

"निकाल लागेपर्यंत नातीचं लग्न होईल."

"मग पाया पडा."

यावर तोडगा काढला तो मेहुण्याने. मेहुणा विमा एजंट होता आणि कुठल्याही दुःखावर त्याच्या बॅगेत एक छापील पत्रक असायचं.

"भावजी, तुम्ही आयुष्यभर दंड केलात. त्यानं कुणी सुधारलं का? नाही ना? बक्षीस द्या! आमच्याकडे बघा. वर्षभर गाडी ठोकली नाही की हप्त्यात सूट. तुम्हीपण महिनाभर एक कलम पाळलं की भाड्यात चार टक्के सूट द्या. आणि वेळेवर घर सोडलं तर एक महिन्याचं भाडं वरून."

"म्हणजे करार पाळायचा म्हणून सही केली, ती फुकट? पाळल्याचे पैसे वेगळे?"

"लोक असेच असतात, भावजी."

हे मात्र निरीक्षकांना एकदम पटलं. तरीही त्यांनी कागद ओढून गुणाकार केला. "पण सगळीच कलमं पाळली तर?"

मेहुणा पोट धरून हसला. "माणूस फार फार तर तीन पाळेल, चार पाळेल. सगळी कोण पाळतो? आमचा अख्खा धंदा त्यावर उभा आहे."

एकतीस वर्षांचा अनुभवही तेच सांगत होता. निरीक्षकांनी योजना सुवाच्य अक्षरात लिहिली, खाली सही केली आणि वर नेऊन दिली. पैलवानाने ती उभ्या उभ्या दोनदा वाचली. मग त्याने विचारलं, "काका, तो मूळ करार कुठं मिळेल वाचायला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी छत गप्प होतं. चहा स्वच्छ होता. तिसऱ्या दिवशी जिन्यातली सायकल गेली. आठवड्याभरात भिंतीतले खिळे निघाले, भोकं बुजली, गॅलरीतले ओले टॉवेल अदृश्य झाले. पैलवान जिन्यावरून चवड्यांवर चालू लागला. बायको खूश झाली. तिच्या भाजीच्या पिशव्या तो एका बोटावर अडकवून वर आणून द्यायचा. निरीक्षकांनी मेहुण्याला फोन करून आभारसुद्धा मानले.

पहिल्या तारखेला पैलवान भाडं घेऊन आला. पाकीट बरंच चपटं होतं.

"सोळा टक्के आहेत, काका."

"कशाचे?"

"भाड्याचे. एकवीस कलमं पाळली. एकवीस चोक चौऱ्याऐंशी."

"वीस! तू वीस मोडली होतीस, म्हणजे सुधारायला वीसच होती."

"मी जनावरही पाळलं नाही," पैलवान नम्रपणे म्हणाला. "इच्छा होती, पण आवरली."

निरीक्षकांनी योजनेचा कागद पाहिला. अक्षर त्यांचंच होतं आणि सहीही त्यांचीच. त्यांनी सोळा टक्के मोजून घेतले. माणसाच्या लबाडीवर त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पैसे लावले होते, आणि नेमकी तीच दगा देऊन गेली होती.

त्या दिवसापासून निरीक्षकांचं जगणं उलटं झालं. आधी ते आवाजाने दचकायचे, आता शांततेने दचकू लागले. सकाळी छताकडे तोंड करून बसायचे आणि मनातल्या मनात म्हणायचे, एकच टाक बाबा. सहा किलोचं टाक, पण टाक. छत ढिम्म. शेवटी न राहवून त्यांनी कपाटावरचं एक चौकटीतलं चित्र पुसलं आणि वर घेऊन गेले.

"तुझ्या भिंती फार ओक्याबोक्या दिसतात रे. हे लाव."

"सुंदर आहे. पण खिळा लागेल, काका."

"लागू दे की! एका खिळ्यानं काय होतंय?"

"चार टक्के होतात," पैलवान म्हणाला आणि चित्र त्यांच्या हातात परत दिलं.

बायकोने नवऱ्याच्या काखेतलं चित्र पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

एवढ्यावर भागलं असतं तर निदान गोष्ट घरातच राहिली असती. पण घराच्या तळमजल्यावर पुढच्या बाजूला एक गाळा होता आणि तिथे बारा वर्षं एक शिंपी बसत होता. शिंप्याशी कधी करार झाला नव्हता. पहिल्या तारखेला सकाळी तो मशीनवरून उठायचा, पैसे द्यायचा आणि परत जाऊन बसायचा. कधी एक दिवस इकडचा तिकडे नाही. त्याच्याकडे पैलवानाची पँट अल्टर करायला आली आणि पँटीबरोबर योजनाही आली.

संध्याकाळी शिंपी वर आला. गळ्यात टेप तशीच होती.

"साहेब, एक विचारू? वरच्याला चौऱ्याऐंशी टक्के सूट दिलीत म्हणे."

"ती योजना आहे. तो नीट वागावा म्हणून."

"आणि मी?"

"तू नीटच वागतोस की! तुला योजनेची गरजच नाही."

शिंपी बराच वेळ टेपचं टोक बोटाला गुंडाळत राहिला. "म्हणजे वाईट वागून मग सुधारायचं, तर पैसे. पहिल्यापासून सरळ, तर काही नाही. साहेब, मला आजवर कधी वाटलं नव्हतं, पण आज वाटतंय. माझ्या सरळपणाची बारा वर्षांची थकबाकी आहे तुमच्याकडे."

निरीक्षकांनी मनातल्या मनात हिशेब तपासला. चूक नव्हती.

"मग मीही बिघडतो," शिंपी म्हणाला. "एक तारखेपासून. नंतर सुधारा मला."

एक तारीख आली. शिंपी आला नाही. दोन तारखेलाही आला नाही. खालून मशीनचा आवाज येत होता, पण लय चुकत होती. तीन तारखेला तो दारात उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "साहेब, उशीर म्हणजे किती दिवसांचा धरतात साधारण?"

"पाच तारखेनंतरचा."

"अजून दोन दिवस?" त्याचा चेहरा पडला. "बरं."

सहा तारखेला तो आला तेव्हा डोळे सुजलेले होते. त्याने पूर्ण भाडं टेबलावर ठेवलं. "घ्या. माझ्याच्यानं नाही होत. हातून दोन सदरे उलटे शिवले गेले." जाता जाता तो थांबला. "पावती द्या, साहेब."

बारा वर्षांत त्याने कधी पावती मागितली नव्हती. निरीक्षकांनी ती लिहून दिली आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. लबाड दुकानदारांच्या दुकानांतूनही ते इतके खाली मान घालून कधी बाहेर पडले नव्हते. त्यानंतर शिंपी दिसला की नमस्कार करायचा, पण नुसता मानेने.

शेवटचा महिना लागला. निरीक्षकांनी पैलवानाला आठवण करून दिली, "एकतीस तारखेला घर सोडायचं. एक महिन्याचं भाडं बक्षीस आहे, लक्षात आहे ना?"

पैलवान अवघडला. "काका, तुम्हीच बघा. मी सोळा टक्क्यांत राहतोय. बाहेर गेलो तर शंभर टक्के द्यावे लागतील. एका महिन्याच्या भाड्यासाठी कुठला शहाणा माणूस असं घर सोडेल?"

"पण तो करार आहे!"

"आहे ना. चार टक्क्यांचं कलम आहे ते. माझे चार टक्के गेले तरी चालतील."

निरीक्षक खुर्चीत बसले. खिशातून फोन काढून त्यांनी नातीचा फोटो पाहिला. समोरचे दोन दात पडलेले होते. ती इथे येईपर्यंत नवे दात येतील, असं ती फोनवर त्यांना रोज बजावत होती.

"तुझं म्हणणं काय ते बोल," ते म्हणाले.

"सहा महिन्यांचं भाडं. तेवढ्यात मला दुसरीकडे बस्तान बसवता येईल. मला तुम्हाला त्रास द्यायचा नाही, काका. काकू मला आईसारख्या आहेत."

मेहुण्याला विचारलं तर तो म्हणाला, "जवळ आलोय भावजी, आता मागं फिरू नका," आणि त्याला तातडीचं काम आठवलं. निरीक्षकांनी मुदत ठेव मोडली. बँकेतली मुलगी म्हणाली, "मुदतीआधी मोडलीत तर व्याज कमी मिळतं, काका. पूर्ण मुदत ठेवणाऱ्यालाच फायदा." निरीक्षक तिच्याकडे बघत राहिले. शेवटी तिनेच विचारलं, पाणी हवंय का.

एकतीस तारखेला सकाळी दहाला पैलवानाने घर सोडलं. फरशी पुसलेली, नळ बंद, किल्ल्यांना चिठ्ठ्या लावलेल्या. सव्वीस किलोंची वजनं त्याने जिन्यावरून लेकराला न्यावं तशी छातीशी धरून उतरवली. बायकोने त्याला डबा करून दिला आणि ती रडली. वर्षभर ज्याने छत खाली आणलं त्याच्यासाठी ती रडत होती, आणि निरीक्षकांना वाटलं की या घरात शहाणं असं कुणी उरलेलंच नाही.

तरीही मजला रिकामा झाला होता. दुपारी निरीक्षक टेप घेऊन वर गेले. खिडकीखाली नातीचा पलंग बसेल का ते त्यांनी दोनदा मोजलं. बसत होता. बायको खालून हाका मारत होती, पण त्यांना तिथून हलवेना. किती तरी महिन्यांनी त्यांना बरं वाटत होतं. त्यांनी मुलीला फोन लावला.

"झालं गं! मजला रिकामा. पलंगाचं मापही घेतलं. गाडी किती वाजता येते तुमची?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"बाबा, रागावू नका हं. मी काल इथल्या मालकांना सांगायला गेले, की मुदतीआधीच घर सोडतेय. बोलता बोलता तुमची योजना सांगितली त्यांना, आई मागे फोनवर म्हणाली होती ती. त्यांना फार आवडली. ते म्हणाले, तुम्ही करार पूर्ण केलात तर दोन महिन्यांचं भाडं परत देतो. चौदा महिनेच राहिलेत, बाबा. हिच्या शाळेची वर्षाची फी निघते त्यात."

निरीक्षक रिकाम्या खोलीच्या मधोमध उभे होते. टेप हातातून सुटून खळ्‌कन डब्यात परत गेली. खालून बायकोने विचारलं, "काय म्हणतेय? निघाली का?"

त्यांनी फोनवर हात ठेवला, घसा साफ केला, मग हात काढला.

"दोन देतोय का तो?" ते म्हणाले. "मी तीन देतो."

"बाबा, असं काय!"

"चार देतो. नातीचा पलंगही करून घेतो."

मागे कुठे तरी नात काहीतरी गुणगुणत होती, ते त्यांना स्पष्ट ऐकू येत होतं. मुलगी बोलली तेव्हा तिचा आवाज मायेचा होता, आणि त्यात हिशेबही होता.

"थांबा हं जरा, बाबा," ती म्हणाली. "मी त्यांना विचारून सांगते."