घोंगडीतला आवाज

खण्ण!

दुपारची सारी वाडी पेंगत होती, आणि त्या शांततेत रंगुबाईंच्या हातातली ताटली उंबऱ्यावर पडली. स्वतःभोवती गोल गोल फिरत, आपल्याच आवाजाची मजा घेत ती सावकाश थांबली. तोवर रंगुबाईंचे हात आपोआप जोडले गेले होते.

समोर त्यांची सून स्वप्नाली बसली होती. म्हणजे, असावी. दिसत होती फक्त काळी घोंगडी. ती एका लयीत पुढे-मागे डुलत होती आणि आतून घोगरा आवाज येत होता.

नेमकी त्याच वेळी घोंगडी थबकली. "ह्ये चुकलं. परत पयल्यापासनं घेते," असं ती म्हणाली आणि पुन्हा डुलायला लागली.

"बुधवारी पाणी यील, सांगून ठेवते गावा,
न्हाई आलं तर हंडा घेऊन पंचायतीवर धावा!"

स्वप्नाली रॅप करते, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. चार वर्षांची सोनिया दुपारी झोपली की ती घोंगडी पांघरून मोबाईलमध्ये आपला आवाज भरायची. जाड लोकरीतून बाहेरची बकरी आत ऐकू येत नाहीत, ही तिची स्वतःची युक्ती. मग सांगलीची तिची मैत्रीण रुक्सार त्या आवाजाखाली ठेका घालायची आणि गाणं 'एमसी घोंगडी' या नावानं इंटरनेटवर सोडायची. तोंड कुणीच पाहिलेलं नसल्यामुळे ऐकणारे वाढतच होते. आता येत्या रविवारी सांगलीत स्पर्धा होती आणि तिथं तोंड दाखवून गायचं होतं. सासूला हे सांगायचं कसं, याचा विचार करता करता तिच्या भाकरी रोज करपत होत्या.

त्यात आज नेहमीची घोंगडी धुऊन वाळत घातलेली. म्हणून तिनं देव्हाऱ्याजवळची घेतली. बिरोबाच्या पूजेची. तिच्या घडीत भंडारा होता, तो डुलता डुलता तिच्या केसांत, कपाळावर, पार नाकाच्या शेंड्यावर उतरला होता. गाणं संपवून तिनं घोंगडी बाजूला केली, तेव्हा हळदीनं माखलेली, घामेजलेली, लाल डोळ्यांची स्वप्नाली सासूला दिसली. आणि सासूच्या मागे, ताटलीच्या आवाजानं धावत आलेली शेजारची तानुबाई.

"आत्या..." स्वप्नाली चाचरली.

"बोला देवा," रंगुबाई म्हणाल्या.

लग्न झाल्यापासून सासूनं तिला अहो-जाहो केलेलं हे पहिल्यांदाच. ते ऐकायला इतकं नवं होतं, की खरं सांगायचं राहूनच गेलं.

जत्रेत देवाचा माणूस पावसापाण्याची भाकणूक सांगतो, तीही अशीच ठेक्यात असते. त्यामुळे तानुबाईला शंका यायचं कारणच नव्हतं. चहाचं पाणी उकळायच्या आत वाडीभर झालं, की रंगुबाईच्या सुनेच्या अंगात आलंय आणि बुधवारी पाणी येणार आहे.

बुधवारी खरंच टँकर आला.

सरपंच म्हणाले, "मीच पाठवलाय." टँकरवाला म्हणाला, "मला कुणीबी सांगितलं न्हाई. गाडी म्हसवडला निघाली हुती, हिकडंच वळली." बायकांनी दोघांकडेही दुर्लक्ष करून आधी हंडे भरले आणि मग नारळ घेऊन रंगुबाईंचं अंगण गाठलं. कुणाला लेकाच्या नोकरीचं विचारायचं होतं, कुणाला म्हशीचं. तानुबाईला आपल्या सुनेचं विचारायचं होतं, पण सून शेजारीच बसली असल्यामुळे तिनं गुडघ्याचं विचारलं.

स्वप्नालीचा नवरा बिरदेव शिरवळच्या कारखान्यात होता. त्याचा फोन आला. "स्वप्ने, मला हितं सुट्टी मिळंना, आन् तुला घरबसल्या देव मिळाला व्हय?"

"आवं, तसलं काय न्हाई. मी नुसतं..."

"आगं, मग आमच्या सायबाचं मन बदलंल का तेवढं इचार की!"

शनिवारी बिरोबापुढं ढोल वाजवणारे वाडीतले म्हातारे कोंडीबा मेंढरं वाड्यात घालून आले आणि ऐसपैस बसले. "उद्या रविवारी देवाची बैठक घालू. समदी वाडी यील. ढोल मी आणतो."

उद्या! उद्या दुपारी स्वप्नाली सांगलीत हवी होती. आणि देवाच्या नावावर अजून एक दिवस काढायचा, हे तर तिला मुळीच झेपणार नव्हतं. देव्हाऱ्याकडे बघायचीही चोरी झाली होती. तिनं पदर खोचला आणि भर अंगणात सांगून टाकलं, "मामा, माझ्या अंगात देव न्हाई. गाणं हाय."

कोंडीबांनी मान डोलावली. "व्हय की. गाणं देवाचंच असतंय."

"तसं न्हवं मामा! उद्या मला सांगलीला जायाचंय. गाणं म्हणायला. चारचौघांत."

तिनं सासूकडे बघायचं धाडस केलं. रंगुबाई शांतपणे उठल्या. "ऐकलंसा न्हवं समद्यांनी? देव सांगली म्हणालाय."

"मग जीप सांगतो," कोंडीबा म्हणाले.

सांगलीच्या त्या सभागृहात उलट्या टोप्या घातलेली पोरं होती, आणि त्यांच्यात मधोमध बसली होती पिवळ्या कपाळांची पुरी एक जीप. एमसी घोंगडीचं नाव पुकारलं गेलं. स्वप्नाली मंचावर गेली, आणि नेमका रुक्सारचा लॅपटॉप बंद पडला. ठेकाच नाही. टोप्यांमधून खसखस पिकली. लपायला आज घोंगडीही नव्हती.

ढम्म!

कोंडीबांनी बसल्या जागी ढोलावर थाप मारली होती. पुन्हा मारली. तिसऱ्या थापेला स्वप्नालीचा पाय हलला, आणि मग ती जी सुटली,

"नळाला न्हाई पाणी, टाकीला न्हाई पाणी,
हंडा माझा ढोल, आन् मी दुष्काळाची राणी!"

टोप्या हवेत उडाल्या. त्यांच्यावर तानुबाईनं मूठभर भंडारा उधळला. पंचांनी चष्मे पुसत पुसत दुसरा नंबर दिला.

"देवाला दुसरा नंबर?" तानुबाई भडकली. "कुठल्या गावचं हायती ह्ये पंच?"

परतताना विटा गाव मागे पडलं आणि जीपमधले सगळे एकमेकांच्या खांद्यावर झोपले. स्वप्नालीनं हळूच म्हटलं, "आत्या, तुमाला खरंच वाटलं व्हतं का वं?"

"ताटली पडली तवा वाटलं," रंगुबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "पर देव कवा चुकला म्हणून परत पयल्यापासनं घेतो व्हय गं? तवर तानुबाई दारात. सून घोंगडीत शिरून गाणी म्हणती म्हणून सांगू, का देव आला म्हणून सांगू? मला देव सोप्पा वाटला."

"आन् सांगली?"

"सुनंला सांगलीला सोडू का म्हणून इचारलं असतं, तर समद्या वाडीनं सल्ला दिला असता. देवाला कोण अडवतंय?" त्यांनी सुनेच्या कपाळावरची हळद पदरानं पुसली. "बिरोबाला मी सांगितलंय समदं. त्यो काय म्हणत न्हाई. मातर पुढल्या टायमाला तुझी घोंगडी घे."

स्वप्नालीला हसूही आलं आणि डोळेही भरले. मांडीवर झोपलेली सोनिया, जी मुळीच झोपलेली नव्हती, उठून बसली.

"आई, तुझ्या अंगात देव न्हवता?"

"न्हाई गं बाळा."

"आज्जीला पण म्हाईत हुतं?"

"व्हय."

सोनियानं आईकडे बघितलं, मग आज्जीकडे बघितलं, आणि बराच वेळ विचार करून विचारलं, "मग बुधवारी पाणी कुणी आणलं?"