पासष्ट किलोंचा खुलासा

आमच्या अग्निशमन केंद्रात महिला कर्मचारी एकच, आणि त्या एकटीच्या कल्याणाची जबाबदारी नऊ पुरुषांच्या समितीवर. समितीची टिपणं मी लिहितो. माझं काम आवक-जावक. डोकं वापरायची तरतूद माझ्या पदाला नाही.

उंच शिडीवर त्या बिनधास्त चढतात म्हणून सगळे त्यांना शिडीताई म्हणतात. सहा वर्षं हंगामी. कायम व्हायचं तर वाळू भरलेला पासष्ट किलोंचा पुतळा खांद्यावर टाकून नव्वद सेकंदांत तीन मजले चढायचे. परीक्षेला महिना होता. ताई केंद्राच्या व्यायामखोलीत रोज वजनं उचलायच्या, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

तेवढ्यात आमचे आरोग्य अधिकारी दोन तासांचं शिबिर करून आले आणि येताना चार रंगांचा तक्ता घेऊन आले. पाळीच्या कोणत्या दिवशी बाईचे स्नायू व्यायामाला कसा प्रतिसाद देतात, ते त्यात छापलेलं. समितीने तो एकमताने मंजूर केला. ताईंनी पाळीची तारीख विहित नमुन्यात भरून द्यायची आणि त्यानुसार वजनांवर रोज रंगीत कार्ड लटकवायचं, असं ठरलं.

पहिले पाच दिवस लाल: विश्रांती. पुढचे आठ पिवळे: स्नायूंची बांधणी सुरू आहे, धक्का लावू नये. मग तीन केशरी: सांधे सैल, व्यायाम निषिद्ध. उरलेले बारा निळे: शरीर थकलेलं, खोलीतल्या खोलीत चालावं.

"अहो, मग उचलू कधी?" ताईंनी विचारलं.

"काळजी करू नका, शास्त्र तुमच्या बाजूने आहे," अधिकारी म्हणाले.

"हे तपासलं कुणावर?"

"चाळीस जणांवर. सगळे पुरुष. बायका घेतल्या की पाळी मध्ये येते ना, निष्कर्ष बिघडतात."

मी हे जसंच्या तसं टिपणात लिहिलं. नऊ जणांनी खाली सह्या ठोकल्या.

ताईंच्या सासूबाईंनी ऐकून कपाळाला हात लावला म्हणे. "आमच्या वेळी चारच दिवस बाजूला बसवायचे गं! या शिकलेल्यांनी अख्खा महिना बसवला?" त्याच संध्याकाळी त्यांनी धान्याची गोणी रिकामी करून तिच्यात वाळू भरली. ताई घरच्या जिन्यावर सराव करू लागल्या आणि सासूबाई खाली घड्याळ धरून ओरडू लागल्या, "अगं, पाय उचल पाय! चालायला आलीयस का?"

परीक्षेच्या दिवशी कार्ड लाल होतं. ताई पुतळ्यासकट तिसऱ्या मजल्यावर पोचल्या तेव्हा चौऱ्याऐंशी सेकंद झाले होते. त्याच परीक्षेला बसलेल्या, पंप चालवणाऱ्या हंगामी भाऊंनी पुतळा दुसऱ्या मजल्यावरच टाकला आणि दम खायला त्याच्यावरच बसले.

समिती भरली. भाऊंचा 'दिवस वाईट होता' अशी नोंद करून त्यांना पुन्हा संधी देण्यात आली. पुरुषाचा दिवस वाईट असायला तक्ता लागत नाही. ताईंचं प्रकरण मात्र गंभीर निघालं. लाल दिवशी पासष्ट किलो उचलले जाऊच शकत नाहीत. ज्याअर्थी उचलले, त्याअर्थी तारीख खोटी. विहित नमुन्यात खोटी माहिती! निकाल रोखा, खुलासा मागवा.

ताईंचा खुलासा एका शब्दाचा आला: "उचलला."

तो असमाधानकारक ठरला. दुसऱ्या खेपेला पुतळ्यातली थोडी वाळू काढली आणि भाऊ कायम झाले. ताई सातव्या वर्षीही हंगामीच.

परवा त्या माझ्या खिडकीशी आल्या. डोळ्यांत नुसती आग. "कारकूनभाऊ, खरं सांगा. तुम्हीही मनात बोटं मोजलीत ना, त्या दिवशी माझा कितवा दिवस होता ते?"

लाज वाटली हो मला. मी मान खाली घातली.

पण तुम्ही कसले हसताय? तारीख खरी होती की खोटी, हे तुम्हालाही मघापासून विचारायचंच आहे. समितीत दहावी खुर्ची मांडून ठेवलीय. या, बसा.