आप्पांच्या म्हशीचा माज

येळ्ळूरला आमच्या शेजारी राहणारे आप्पा कुणाच्याही घरी गेले की आधी गोठ्यात शिरतात, मग माणसांना रामराम घालतात. जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून सगळी नोकरी झाली. म्हैस माजावर आली की नाही, हे ते रस्त्यावरूनच सांगतात आणि सहसा चुकत नाहीत.

"माज काय अंगात नसतोय रं," असं म्हणत ते कपाळावर बोट ठोकतात. "हितनं हुकूम सुटाय लागतोय. डोपामीन म्हणत्यात त्येला. ओढ लावायचं काम त्येचं. जनावर भ्यालं, झुरलं, की हुकूम बंद."

माझ्या लग्नाच्या बोलणीतसुद्धा त्यांनी पत्रिका बाजूला सारली होती. "पोरीचं नाव काढलं की ह्यो तांब्याभर पाणी पितोय. हुकूम सुटलाय. नारळ द्या." मी मान खाली घालून बसलो होतो. नारळ मिळाला आणि लग्न ठरलं, हेही खरं.

अशा माणसाच्याच गोठ्यात घोडं अडलं. आप्पांची बायको, आमची आक्का, गेली आणि त्यांची चंद्री माजावर येईना. वैरण हुंगून सोडायची. इंजेक्शनं झाली, औषधं झाली. गावाला चेष्टेला विषय मिळाला. बेळगावातल्या त्यांच्या मुलाने शेवटचं सांगितलं, दिवाळीपर्यंत बघा, नाहीतर म्हैस बाजारात. चंद्रीला आक्काने रेडकू असल्यापासून वाढवलेलं.

एका सकाळी मी शिडी मागायला गेलो. गोठ्यात आप्पा आक्काचं हिरवं लुगडं गुंडाळून, डोक्यावर पदर घेऊन बसलेले. "खा गं बाय माझी," असं आक्काच्या सुरात म्हणत चंद्रीची मान खाजवत होते. मला हसू आवरेना.

"हसतोस काय? बायकांच्या हाताची म्हस पुरुषाला पानवत न्हाय, दूध चोरती, तवा लुगडं नेसून धार काढत्यात, ठावं हाय न्हवं? म्हटलं, माजासाठीबी तिच्या मेंदूला फसवून बघावं."

चंद्री खरोखरच वैरण खात होती.

दसऱ्याच्या सुमाराला ती माजावर येऊन ओरडू लागली. आप्पांनी स्वतःच्या हाताने रेतन करून तिला भरवली. पुढे गाभण ठरली, बाजार टळला, आणि मला मनापासून बरं वाटलं.

परवा शिडी परत द्यायला गेलो, तर आप्पा चुलीपुढे जेवत होते. खांद्यावर तेच लुगडं.

"आता कशाला आप्पा? चंद्रीचं तर झालं की."

"तिचं भागलं रं," त्यांनी भाकरी मोडली. "ह्ये अंगावर असलं की मलाबी दोन घास जात्यात."